फ्युएल फिल्टर घरी बदला, पण त्या मेसेजचं ऐकून नको

द्राक्षाचा सीझन तोंडावर आला की आमच्या पिकअपवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. यंदा तो सोसायटीच्या ग्रुपवरही येऊन धडकला. मजकूर थोडक्यात असा: डिझेल गाडीचा फ्युएल फिल्टर, म्हणजे डिझेल गाळणारा डबा, घरी दहा मिनिटांत बदलता येतो. खरं तर बदलायचीही गरज नाही, पेट्रोलने धुऊन हवा मारली की झालं. नवा घातलाच तर डिझेलने काठोकाठ भरून बसवा. गाडी सुरू होईपर्यंत सेल्फ मारा, नाहीच झाली तर इंजेक्टरचा, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणाऱ्या भागाचा, नट ढिला करा. आणि गाड्यांच्या धुराचे बीएस६ नियम आल्यापासून डिझेलमध्ये पाणी नसतंच.

घरी बदलता येतो, हे कबूल. नाशिकला पाथर्डी फाट्याला आमच्या पार्किंगमध्ये मी दोनदा बदललाय. पण दहा मिनिटं? पाऊण तास धरा, त्यातला निम्मा वेळ पुसण्यात जातो. हे काम पान्याचं कमी, सोवळ्याचं जास्त.

धुण्याचं म्हणाल तर आत घड्या घातलेला कागद असतो. पेट्रोलने धुतलात की बाहेरच्या अंगाला अडकलेली घाण आतल्या अंगाला जाते, आणि कॉम्प्रेसरची हवा त्या कागदाला भोकं पाडते. दिसायला फिल्टर नवा, कामाला चाळणी.

काठोकाठ भरण्याचा सल्ला मात्र अगदीच हवेतून आलेला नाही. जुन्या ट्रॅक्टर-ट्रकना मिस्त्री असंच करायचे आणि ते चालायचं. कॉमन रेल गाडीची, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच जबर दाबाच्या नळीतून (रेलमधून) डिझेल पुरवणाऱ्या आजच्या गाडीची, गोष्ट वेगळी. तिथे रेलमधला दाब १६०० बार आणि त्याच्याही वर जातो. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, तर हा फिल्टर जेमतेम चार-पाच मायक्रॉनचे कण अडवायला ठेवलेला. कॅनमधलं डिझेल मधल्या भोकातून ओतलंत तर ते न गाळताच थेट पंपात जातं, म्हणजे फिल्टर असून नसल्यासारखा. गोल, फिरवून बसवायचा फिल्टर असेल आणि भरायचाच असेल, तर कडेच्या बारीक भोकांतून भरा. घाणीची बाजू ती. दोन नळ्यांचा बंद डबा असेल तर बाण बघून, न भरता रिकामाच बसवा.

मग रिकाम्या फिल्टरमुळे नळ्यांत शिरलेली हवा, म्हणजे एअर, कसा काढायचा? फिल्टरजवळ हाताने दाबायचा छोटा पंप असेल तर तो कडक लागेपर्यंत दाबत राहा. टाकीत इलेक्ट्रिक पंप असेल तर चावी नुसती ऑन करून पंपाचा आवाज थांबेपर्यंत थांबायचं, मग ऑफ. असं चार-पाच वेळा. सेल्फ त्यानंतर, तोही एका वेळी दहा सेकंदांच्या वर नाही. रेलमध्ये दाब तयार करणाऱ्या हाय प्रेशर पंपाला वंगण म्हणून डिझेलच लागतं. तो कोरडा फिरला की धातूचा चुरा सुटतो, इंजेक्टरमध्ये शिरतो, परतीच्या नळीने टाकीतही जातो. दुरुस्तीचा आकडा ऐकून माणूस मटकन खाली बसतो.

नट ढिला करण्याबद्दल एकच सांगतो: त्या दाबाची धार कातडी फोडून आत जाते. जखम सुईएवढी दिसते, सुरुवातीला दुखतही नाही, आणि पुढे बोट कापावं लागू शकतं. कॉमन रेलच्या त्या नळ्यांना हात लावायचा नाही.

मेसेजच्या शेवटी होतं, ‘गाडी सुरू झाली म्हणजे काम फत्ते.’ पहिल्या वेळी मीही असाच खूश झालो होतो. गाडी पार्किंगमधून झोकात निघाली आणि द्वारकेच्या चौकात, ऐन सहाच्या गर्दीत बंद पडली. मागच्या रिक्षावाल्यांनी काय काय म्हटलं ते इथे लिहिता येणार नाही. घरी खोलून बघितलं तर जुनी रबरी रिंग झाकणालाच चिकटलेली आणि तिच्यावर मी नवी चढवलेली. बाहेर थेंबही गळत नव्हता. त्या बाजूला पंप ओढत असतो, त्यामुळे फटीतून डिझेल बाहेर यायच्या ऐवजी हवा आत जाते. तेव्हापासून जुनी रिंग हातात आल्याशिवाय नवी पुडीतून काढत नाही.

राहिलं पाणी. १ एप्रिल २०२० पासून बीएस६ डिझेल देशभर आलं आणि गंधक ५० वरून १० पीपीएमवर (दहा लाखांत दहा भाग) उतरलं. गंधक कमी झालं म्हणून पाणी कसं जाईल? अर्ध्या टाकीत हवा असते. आपल्याकडे डिसेंबरात दुपारी ऊन आणि पहाटे निफाडचा गारठा, की त्या हवेतला ओलावा पत्र्यावर धरतो आणि तळाशी उतरतो. मागच्या हिवाळ्यात फिल्टरच्या बुडाचा स्क्रू सैल करून लोणच्याच्या रिकाम्या बरणीत धरलं. वर पिवळसर डिझेल, खाली बोटभर पाणी, मधे स्पष्ट रेघ. तीच बरणी मी सोसायटीच्या वॉचमनकाकांना दाखवली, तर ते म्हणाले, ‘पंपावर भांडा.’ भांडणार काय, टाकी महिनाभर अर्धी ठेवली होती मीच.

आणि हो, निघालेलं डिझेल गटारात ओतायलाही सांगितलंय त्या मेसेजमध्ये. आमच्याकडचं गटार नासर्डी नदीला जातं आणि नासर्डी गोदावरीला. मी ते कॅनमध्ये भरून कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला देतो. तो त्यात पार्ट धुतो, बदल्यात मला फिल्टर पाना वापरायला देतो.