पोथी घरातच राहू दे, पण वाचणारा हवा

आमच्या फॅमिली ग्रुपवर मराठीच्या अभिजात भाषेच्या दर्जावरून अजून वाद चालू असतात. ३ ऑक्टोबर २०२४ला दर्जा मिळाला तेव्हा पेढ्यांचे फोटो आले होते, आता एक काका म्हणतात मिळून काय झालं, की दुसरे लगेच चिडतात. मी इथे मिनेसोटात बसून ते वाचते आणि मला आठवते ती माळ्यावरची ट्रंक. लाल रुमालात बांधलेले पणजोबांचे मोडी कागद आहेत त्यात, आणि घरात एकालाही ते वाचता येत नाहीत.

इथे कॉलेजव्हिलला बेनेडिक्टाइन साधूंचा मठ आहे, तिथली हिल लायब्ररी १९६५पासून जगभरच्या हस्तलिखितांचे फोटो काढून ठेवते. फादर कोलंबा स्टुअर्ट यांनी २००३मध्ये तिची सूत्रं घेतली. माणूस धर्मगुरू, सुरुवातीच्या ख्रिस्ती मठांचा अभ्यासक, सिरियॅक ही मध्यपूर्वेतल्या ख्रिस्ती लोकांची जुनी भाषा वाचणारा, पण आफ्रिकेत मालीमधल्या टिंबक्टूतल्या मुस्लिम घरांमधल्या पोथ्यासुद्धा त्यांनी तितक्याच मायेने स्कॅन करवून घेतल्या. इराकमध्ये त्यांच्यासोबत काम करणारे डॉमिनिकन पंथाचे फादर नजीब मिखाईल, त्यांनी तर २०१४च्या ऑगस्टमध्ये आयसिस येतंय म्हटल्यावर काराकोशमधून पोथ्या गाडीत भरून एर्बिलला नेल्या. २०१९मध्ये ते मोसुलचे आर्चबिशप झाले.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की मूळ पोथी मालकाकडेच राहते, फोटो तेवढे लायब्ररीत जातात आणि ते ऑनलाइन फुकट बघता येतात. आपल्याकडे लोक पोथी दाखवत नाहीत ते काही उगाच नाही, आमच्याच घरातली एक वही 'अभ्यासाला नेतो' म्हणून कोणीतरी नेली ती आलीच नाही, तेव्हापासून आजीने ट्रंकेला कुलूप लावलं. हा अविश्वास भाषणांनी जाणार नाही, घरी येऊन आपल्यासमोर फोटो काढून पोथी परत रुमालात बांधून देणारी माणसं लागतील.

आणि नुसते फोटो काढूनही भागत नाही. त्या लायब्ररीने जुनी अक्षरं वाचायला शिकवणारे धडेही ऑनलाइन ठेवलेत. एक सिरियॅक पान मी स्क्रीनवर मोठं करून पाहिलं, उजवीकडून डावीकडे जाणारी काळी ओळ आणि मधेच लाल शाईतलं शीर्षक, अगदी आपल्या पोथीतल्या 'उवाच'सारखं. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडीचे हजारो रुमाल पडून आहेत आणि ती लिपी सफाईने वाचणारे फार थोडे, मग अभिजात दर्जामुळे येणारा पैसा पहिल्यांदा तिकडे नको का जायला? दर तालुक्याला एक मोडीचा वर्ग, शिकवणाऱ्याला नीट पगार, आणि शाळेतल्या मुलांनाही येऊन बसू द्या.

दादाला सांगितलंय, कागद उलगडताना जबरदस्ती करू नको, घडीवर फाटतात, खिडकीपाशी उजेडात एकेक ठेवून फोटो काढ. काल त्याने पहिला पाठवला. आडवी रेघ आधी ओढलेली आणि अक्षरं तिला लटकलेली, मला त्यातलं फक्त 'श्री' लागलं. बाकीच्यासाठी रोज रात्री मुळाक्षरं गिरवतेय.