डोमकळी आधी कोणाला दिसते?

गेल्या खरिपात आमच्या गावात कपाशीची शेतीशाळा, म्हणजे शेतकऱ्यांचं प्रशिक्षण, झाली. मारुतीच्या पाराजवळ मंडप, प्लास्टिकच्या खुर्च्या, पुढच्या तीन ओळी टोपीवाल्यांच्या. साहेबांनी गुलाबी बोंडअळीवर तासभर सांगितलं. चांगलं सांगितलं, त्यात खोट नाही. मग चहा, हजेरीवर सह्या, फोटो. हजेरीची यादी सातबाऱ्यावरून काढलेली, त्यामुळे बायका चारच. त्यातही मी बायकांच्या गटाची सचिव, फोटोत एखादी बाई असावी म्हणून बोलावलेली.

साहेबांनी डोमकळीचा फोटो दाखवला तेव्हा मात्र मी चमकले. शेतीशी संबंध नसलेल्यांसाठी सांगते. कपाशी दीड-दोन महिन्यांची झाली की फुलं लागतात. अळी फुलात शिरली की पाकळ्या आतून धाग्यांनी बांधून घेते. फूल उमलतच नाही, मिटलेल्या गुलाबाच्या कळीसारखं राहतं. ती डोमकळी. दिसली की तोडायची आणि अळीसकट नष्ट करायची. फवारा लागत नाही, पैसा लागत नाही, फक्त नजर लागते.

आता सांगा, दीड-दोन महिन्यांच्या कपाशीत सकाळपासून वाकलेलं कोण असतं? निंदणीच्या बायका. एकेका झाडाला हात लागतो त्यांचा. आणि डोमकळीचा फोटो बघायला कोण बसलं होतं? ज्यांचा शेतातला फेरा मोटरसायकलवरून बांधापर्यंत असतो ते.

घरी येऊन धाकट्या जावेला विचारलं, अशी मिटलेली फुलं दिसतात का गं? ती म्हणे, "रोजच दिसतंस. माले वाटे पानी कमी पडनं व्हई." म्हटलं, मग आली का नाहीस शेतीशाळेला? ती म्हणे, "पोरले कोन पाही?"

तिची पोर दोन वर्षांची. अंगणवाडीतली बालवाडी तीन वर्षांपासून, तीसुद्धा दुपारपर्यंतच. शेतीशाळा दुपारी तीनला. संपला विषय.

मला माझं तिसरीचं वर्ष आठवलं. दिवाळीची सुट्टी संपली तरी कापूस वेचणी संपली नव्हती. आई ओटीत कापूस भरत पुढे जायची आणि मी निंबाखाली झोळीला झोका देत बसायचे, भाऊ आठ महिन्यांचा. पंधरा-वीस दिवस शाळा बुडाली. गुणाकार त्या पंधरा दिवसांत झाला, तो मला अजून नीट येत नाही (गटाचा हिशेब मोबाइलवर करते, हसू नका). चाळीस वर्षं होत आली. परवा शेजारच्या शिवारात त्याच वयाची मुलगी, तशीच झोळी, फक्त झोळी साडीऐवजी खताच्या गोणीची.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. लहान मुलांचं शिक्षण एका खात्याचं आणि शेतीचं प्रशिक्षण दुसऱ्या खात्याचं, हे कागदावर ठीक असेल. गावात ती एकाच बाईची अडचण आहे. मूल सांभाळायची सोय नाही म्हणून आई प्रशिक्षणाला येत नाही, आणि त्याच कारणाने थोरली पोर शाळेत जात नाही. शेतीशाळा जिथे भरेल तिथे, त्याच वेळेला, पोरांची सोय करा. आणि ती बायकांना सवड असेल तेव्हा भरवा, साहेबांना सवड असेल तेव्हा नव्हे.

हे काही जगावेगळं मागणं नाही. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात लिहिलं होतं की कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं असतील तर त्यांना सांभाळायला एका बाईला नेमायचं आणि तिला मजुरी द्यायची. बांध घालताना चाललं ते शेती शिकताना का चालू नये? केंद्राच्या पाळणा योजनेत तर अंगणवाडीलाच जोडून पाळणाघर आहे. आणि 'अंगणवाडी' या शब्दामागचा विचार तरी काय होता? ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीत काम सुरू केलं, तिथे मुलं बालवाडीपर्यंत येईनात, तर बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. आमची पोरं आज अंगणात नसतात, शेतात असतात.

शेतीशाळेचंही तसंच. ही पद्धत १९८९ साली इंडोनेशियात भातशेतीत सुरू झाली. शेतकऱ्यांनी दर आठवड्याला शेतात उतरायचं, कीड मोजायची, मित्रकीटक ओळखायचे, आपसात बोलून ठरवायचं. मंडप त्यात कुठेच नव्हता.

गेल्या वर्षी आम्ही सात जणींनी एक छोटी खटपट केली. अंगणवाडीमागच्या ओट्यावर दुपारी जमायचो, सेविकाताई घरी गेल्यावर. तिच्यावर आणखी भार टाकायचा नाही, हे आधीच ठरलेलं. ॲप, रजिस्टरं, सर्वेक्षणं, आणि मानधन म्हणजे पगार नाही हे वर. गटातल्या एका आजींना आम्ही वर्गणी काढून रोज थोडे पैसे दिले, पोरं त्यांच्याकडे. वाळवलेल्या निंबोळ्या समोर ओतल्या. पोरांनी काड्या-खडे वेचले, लहान-मोठ्याचे ढीग केले, दहा-दहाच्या ओळी लावल्या. चार वर्षांचा एक पोऱ्या दहाच्या पुढे अडायचा, तो आठवड्यात वीसपर्यंत गेला. आम्ही निंबोळी कुटायचो. पाच किलो भुकटी रात्रभर पाण्यात भिजवायची, सकाळी फडक्यातून गाळून शंभर लिटर करायचं. तो पाच टक्के अर्क, कपाशीवर फवारायला.

अर्काने चमत्कार झाला असं लिहिणार नाही. मावा-तुडतुड्यांचा जोर कमी झाला, पहिल्या दोन फवारण्यांचे पैसे वाचले. अळी एकदा बोंडात शिरली की निंबोळी काही करत नाही. तिथे कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंगाला ओढणारे), डोमकळ्या तोडणं आणि डिसेंबरनंतर फरदड, म्हणजे वेचणी झाल्यावरही उभं ठेवलेलं पीक, न ठेवणं हेच. फरदडीवरून घरात भांडण झालं, तो वेगळा विषय.

वर सातपुड्याच्या पायथ्याला गोष्ट आणखी अवघड. पावरा आदिवासी कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातात, होळीला परततात. पोराचं नाव इथल्या पटावर, पोर तिथल्या कोपीवर, तोडणीवाल्यांच्या झोपडीत. परत आलं की ताई मराठीत बोलतात, ते पावरीत. २०२० चं शैक्षणिक धोरण मातृभाषेबद्दल छान बोलतं, पण त्या पाड्यावर अजून पोचलेलं दिसत नाही.

होत नाही असंही नाही. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने चैत्राम पवारांच्या पुढाकाराने जंगल राखलं, तिथली वनभाजी स्पर्धा पाहायला लांबून लोक येतात. कोणती भाजी कधी येते आणि कशी रांधायची हे बायकांचं ज्ञान, आणि तिथे त्याच पुढे असतात.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत मी ठराव मांडणार आहे: शेतीशाळेची यादी सातबाऱ्यावरून नको, निंदणीला जाणाऱ्या हातांवरून करा, आणि मुलं सांभाळणाऱ्या बाईचा खर्च ग्रामपंचायतीने उचलावा. सूचक मी आहे, अनुमोदक पाहिजे. गावातल्या बायांनो, येताना पोरं घरी ठेवू नका, घेऊनच या. सभेत गोंधळ झाला तर होऊ द्या.