किटचं विमान त्याच संध्याकाळी उडत नाही

सध्या एक मजकूर मराठी ग्रुपांवर जोरात फिरतोय. मला तो पाठवला विमान देखभालीचा कोर्स करणाऱ्या मुलांनी, म्हणून जास्त काळजी वाटली. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: अमेरिकेत कुणीही विमानाचं किट, म्हणजे सुट्या भागांची पेटी, मागवतो, गॅरेजमध्ये जोडतो आणि त्याच संध्याकाळी उडवतो, परवानगीची भानगडच नाही. आपल्या कांदिवलीच्या माणसाने गच्चीवर विमान बांधलं तर त्याला वर्षानुवर्षं रखडवलं. जुहूला धावपट्टी आहे, समोर समुद्र आहे, हिंमत असेल तर एकदा उडवून दाखवायचं, एकदा उडालं की सिद्ध झालं, मग सगळ्यांची तोंडं बंद होतील.

माझा सगळा जन्म विमानांच्या देखभालीत गेला. हे वाचून गप्प बसवत नाही, कारण यावर विश्वास ठेवणारा एखादा हुशार पोरगा जिवानिशी जाऊ शकतो. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"किट जोडतो आणि त्याच संध्याकाळी उडवतो." व्हॅन्स कंपनीची आरव्ही मालिकेतली दोन आसनी विमानं किटच्या जगात सगळ्यात लोकप्रिय आहेत. त्यातलं एक नेहमीचं किट बांधायला साधारण 1500 ते 2000 तास लागतात. नोकरी-संसार सांभाळून शनिवार-रविवारी काम करणाऱ्याची त्यात काही वर्षं जातात. अमेरिकेतला नियमही असा आहे की विमानाचा निम्म्याहून जास्त भाग हौशी माणसाने स्वतः बांधलेला असला पाहिजे, तरच ते 'हौशी बांधणीचं' म्हणून नोंदवलं जातं. म्हणजे पेटी उघडली, चार स्क्रू पिळले आणि निघाले, ही सोय नियमातच नाही.

आणि ते तास जातात कशात? पत्र्याला छिद्र पाडलं की त्याच्या कडेला बारीक बर, म्हणजे धातूची खरबरीत कोर, उरते. ती प्रत्येक छिद्राची, दोन्ही बाजूंनी, हाताने काढावी लागते. राहिली तर पुढे तिथूनच तडा जायला सुरुवात होते. मग रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडणारी धातूची खीळ, ठोकायचं. मागच्या बाजूला तयार होणारं डोकं रिव्हेटच्या व्यासाच्या दीडपट रुंद आणि निम्मं जाड व्हायला हवं. कमी-जास्त झालं तर ड्रिलने काढायचं आणि नवं ठोकायचं. अशी हजारो रिव्हेट. प्रत्येक नट टॉर्क रेंचने, म्हणजे ठरलेल्या जोराने आवळायच्या पान्याने, आवळला की त्यावर रंगाची एक बारीक रेघ ओढतात, नट आणि बोल्ट दोघांवरून जाणारी. पुढे कधी ती रेघ तुटलेली दिसली तर नट सरकला हे लांबूनही कळतं. मी स्वतः वर्षानुवर्षं अशा रेघा टॉर्चच्या उजेडात तपासल्या आहेत. या कामात संध्याकाळ पाहून घाई केलेली चालत नाही.

"परवानगीची भानगड नाही." साफ चूक. तिथेही विमानाची नोंदणी करावी लागते. निरीक्षक येऊन विमान बघतो, बांधणीची वही आणि फोटो तपासतो, मग प्रमाणपत्र देतो आणि सोबत अटी लावतो. सुरुवातीची 25 किंवा 40 तासांची उड्डाणं ठरवून दिलेल्या भागातच करायची, दाट वस्तीपासून लांब, प्रवासी न बसवता. अलीकडे तासांऐवजी ठरलेल्या चाचण्या पूर्ण करण्याचाही पर्याय आला आहे, पण चाचण्यांतून कुणाची सुटका नाही.

आता कांदिवलीचा मुद्दा. अमोल यादव हे व्यावसायिक वैमानिक. चारकोपच्या इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमान बांधलं आणि 2016 च्या फेब्रुवारीत बीकेसीतल्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात ते मांडलं. नोंदणी 2017 मध्ये झाली, उड्डाणाचा परवाना 2019 मध्ये मिळाला आणि चाचणी 2020 मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवर झाली. उशीर फार झाला, हे मलाही मान्य आहे. हौशी बांधणीसाठी आपल्याकडे सुटसुटीत, ठरलेल्या मुदतीची प्रक्रिया हवी आणि त्यासाठी भांडायलाच हवं. पण त्यांचं विमान किट नव्हतं, रचना त्यांची स्वतःची होती. किटचा पंख कंपनीने आधी तपासलेला असतो, तसे शेकडो पंख आकाशात फिरत असतात. स्वतःच्या रचनेत सगळं पहिल्यापासून सिद्ध करावं लागतं. दोन्ही गोष्टी एकाच मापाने मोजल्या की यादवांनी केलेल्या कामाचीच किंमत कमी होते.

"हिंमत असेल तर एकदा उडवून दाखवायचं." माझा सगळ्यात जास्त राग या वाक्यावर आहे. पहिल्या उड्डाणाचं बहुतेक काम जमिनीवर होतं. तीन चाकांखाली तीन वजनकाटे ठेवतात, विमान समपातळीत आणतात आणि तिन्ही आकड्यांवरून गुरुत्वमध्य, म्हणजे विमानाचं वजन जिथे तोललं जातं तो बिंदू, काढतात. तो ठरलेल्या मर्यादेच्या मागे गेला तर नाक वर उचललं जातं आणि खाली आणणं वैमानिकाच्या हातात राहत नाही. तिथे हिंमत काय करणार? मग इंधनाची चाचणी. चढताना नाक जेवढं वर असेल तेवढं जमिनीवरच वर करून, कार्ब्युरेटरपाशी (इंजिनासाठी पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) नळी सोडवून, मिनिटाला किती पेट्रोल येतं ते मोजायचं. पंपाने पुरवठा असेल तर पूर्ण शक्तीला लागतं त्याच्या सव्वापट यायला हवं, नुसत्या उतारावर असेल तर दीडपट. स्टिक, म्हणजे वैमानिकाच्या हातातला दांडा, उजवीकडे नेली की उजव्या पंखाचा एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलती पट्टी) वर जातो ना, हे बाहेर उभं राहून डोळ्यांनी बघायचं. केबल उलट्या जोडल्या गेल्यामुळे अनुभवी माणसांची विमानंही पडलेली आहेत.

धावपट्टीवर 'जरा जोरात पळवून बघू' हाही धोक्याचा मोह. हलकं विमान वेगात सहज उचललं जातं, आणि मनाची तयारी नसताना, थोडीच धावपट्टी उरलेली असताना माणूस हवेत सापडतो.

प्रत्यक्ष उड्डाण त्यामानाने साधं ठेवतात. वारा शांत असताना, बहुधा सकाळी. वर जायचं, धावपट्टीच्या डोक्यावरच घिरट्या घालायच्या, म्हणजे इंजिन बंद पडलं तरी तरंगत परत येता येईल. नव्या इंजिनाच्या पिस्टन रिंगा बसायला जास्त शक्तीवर चालवावं लागतं, म्हणून उगाच शक्ती कमी करायची नाही. उंचीवर असतानाच वेग हळूहळू कमी करून कोणत्या वेगाला पंखांची उचल सुटून विमान ढिलं पडतं ते बघायचं, आणि त्याच्या 1.3 पट वेग धरून उतरायचं. कागदावर हे सगळं आधीच लिहिलेलं असतं. त्यात नसलेलं काही त्या दिवशी करायचं नाही.

"जुहूला धावपट्टी आहे, समोर समुद्र आहे." जुहूचं महत्त्व मी कशाला नाकारू? 15 ऑक्टोबर 1932 ला जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन तिथेच उतरले. पण आजचं जुहू म्हणजे हेलिकॉप्टरांची वर्दळ, शेजारी सांताक्रूझचा विमानतळ, एका अंगाला इर्ला-पार्ल्याच्या इमारती आणि दुसरीकडे माणसांनी फुललेली चौपाटी. चाकं खाली असलेलं छोटं विमान पाण्यात उतरवलं तर चाकं पाण्यात अडकून ते उलटण्याचा धोका मोठा असतो. समुद्र म्हणजे गादी नव्हे. चाचणीसाठी धुळ्यासारखी मोकळ्या रानातली धावपट्टी निवडली जाते ती याच कारणाने.

"एकदा उडालं की सिद्ध झालं." आकडे वेगळं सांगतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने 2012 मध्ये हौशी बांधणीच्या विमानांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिथल्या छोट्या विमानांत ही सुमारे 10 टक्के, पण 2011 मधल्या अपघातांत 15 टक्के आणि प्राणघातक अपघातांत 21 टक्के. मुख्य कारणं दोन: इंजिन किंवा इंधनाच्या यंत्रणेतला बिघाड आणि हवेत ताबा सुटणं. त्या वर्षी अपघात झालेल्यांपैकी निम्म्याहून जास्त विमानं सेकंडहँड घेतलेली होती. ती उडत नव्हती असं नाही, त्यातल्या काहींवर नव्या मालकाचा हात बसलेला नव्हता. गायक जॉन डेन्व्हर 1997 मध्ये अशाच विकत घेतलेल्या लाँग-ईझी विमानात गेला. त्यातली एका टाकीवरून दुसऱ्या टाकीच्या इंधनावर जायची कळ बांधणाऱ्याने खांद्यामागे, हात नीट पोचणार नाही अशा जागी बसवली होती.

म्हणून पहिलं उड्डाण झालं की फोटोंनंतर लगेच इंजिनावरची झाकणं उतरवतात. तेल कुठे पाझरलंय, कुठली नळी घासली जातेय, कुठली रेघ तुटलीय ते बघतात. पहिलं तेल बदलताना फिल्टर कापून त्याच्या घड्यांत धातूचे कण शोधतात. ते सापडले तर विमान जमिनीवरच राहतं, कण कुठून आले ते कळेपर्यंत.