माल ताब्यात मिळाला का?

परवा इंटरनेटवरून कॉम्प्युटरचे खेळ विकणाऱ्या एका दुकानाने मला कळवलं, की तुम्ही हा खेळ २ तास १४ मिनिटं खेळला आहात, सबब पैसे परत मिळणार नाहीत. मी तो खेळ एक मिनिटसुद्धा खेळलेलो नाही. गाड्यांच्या शर्यतीचा खेळ आहे म्हणतात. मला अजून त्यातलं एक चाक दिसलेलं नाही. १,१९९ रुपये गेले. याला साक्षीदार आहेत, आमच्या इंदूरच्या रामबागेतल्या वाड्यात वरच्या मजल्यावर राहणारे काका. वय ७९, विक्रीकर खात्यातून निवृत्त. पंचाईत एवढीच, की साक्षीदार दुकानाच्या बाजूने आहेत.

थोडक्यात सांगतो. सहा महिन्यांपूर्वी मी हातात धरून खेळायचा कॉम्प्युटर घेतला. घेताना घरी ‘ऑफिसच्या कामालाही होईल’ असं बोलून गेलो, ते अजून कुणी विसरलेलं नाही. २०२२ साली स्टीम डेक आला आणि त्याच्यामागून अशा यंत्रांची रांग लागली. माझं त्यातलं कुठलं ते सांगत नाही, त्या बिचाऱ्याची काही चूक नाही. पाटीएवढं यंत्र, मध्ये पडदा, दोन्ही बाजूंना बटणं. आत यंत्र चालवायला विंडोज नाही, लिनक्स आहे. विंडोजसाठी लिहिलेले खेळ प्रोटॉन नावाचा दुभाषा चालवून दाखवतो आणि बहुतेक वेळा इतका बेमालूम चालवतो, की खेळाला आपण परमुलखात आहोत याचा पत्ताही लागत नाही.

त्रास दुकानांचा आहे. स्टीम २००३ पासूनचं, सगळ्यांत जुनं. मग २००८ मध्ये पोलंडचं जीओजी. मग २०१८ च्या डिसेंबरात एपिक, जे दर गुरुवारी फुकट खेळ वाटतं. आपल्याकडे ते रात्री साडेआठला उघडतं, थंडीत साडेनऊला. दत्ताची आरती आणि हा प्रसाद यांची वेळ जवळजवळ एकच येते आणि मी दोन्हीकडे हात पुढे करतो. आता आपलं छप्पन दुकान घ्या, इंदूरची खाऊगल्ली. एका दुकानातून पॅटिस घ्यावं, दुसऱ्यातून शिकंजी, आणि तिसऱ्यासमोरच्या बाकावर बसून खावं. कुणी विचारत नाही. इथे या दुकानाचा माल त्या दुकानाच्या बशीत चालत नाही. हिरोइक नावाचा एक फुकट प्रोग्राम आहे, काही भल्या लोकांनी हौसेने केलेला. तो एपिक, जीओजी आणि ॲमेझॉनचा माल एका खिडकीत आणून ठेवतो. रविवारी सकाळी मी तो टाकला, खात्यांची नावं भरली, आणि पाऊण तासात तीन दुकानांचे खेळ ओळीने उभे राहिले. मला स्वतःचा अभिमान वाटला. तिथेच थांबायला हवं होतं.

दहाच्या सुमाराला काका पेपर वाचायला खाली आले. पेपर त्यांच्याकडेही येतो. आमच्याकडे रविवारी पोहे असतात.

“काय करून राहिलायस?”

“खेळ टाकतोय काका.”

“आणलास कुठून?”

इथे मी ‘इंटरनेटवरून’ म्हणायला हवं होतं. इंटरनेट म्हटलं की काका मान हलवतात आणि पेपर उघडतात. मी म्हणालो, “तीन-चार दुकानं आहेत.”

काकांनी पोह्यांची बशी खाली ठेवली. बशीत जिरावन भुरभुरलेलं होतं, वर सेंव होती, जिलबीला अजून हातही लागलेला नव्हता, तरी ठेवली. छत्तीस वर्षं विक्रीकरात काढलेल्या माणसासमोर ‘तीन-चार दुकानं’ असं मोघम बोलू नये. २००६ साली मध्य प्रदेशात विक्रीकर जाऊन व्हॅट आला, त्याच वर्षी काका निवृत्त झाले. “मी गेल्यावर त्यांना टॅक्सच बदलावा लागला,” असं ते स्वतः सांगतात. २०१७ च्या जीएसटीला त्यांनी मान्यता दिलेली नाही. २०२४ च्या डिसेंबरात पॉपकॉर्नवर खारं-सुटं ५ टक्के, पाकीटबंद १२ आणि गोड लावलेलं १८ असा खुलासा झाला, तेव्हा काका दोन दिवस विलक्षण आनंदात होते. “बघ, आता त्यांना अधिकारी लागणार,” म्हणाले. वाड्यात कुणी पॉपकॉर्न आणलं की अजून चाखून बघतात.

“गिऱ्हाईक एक, दुकानं चार,” काकांनी खुर्ची पुढे ओढली. “बिलं?”

“ईमेलवर.”

“टॅक्स?”

“अठरा टक्के. किमतीतच धरलेला असतो.”

“असायचाच. माल ताब्यात मिळाला का?”

“डाउनलोड होऊन राहिलाय.” (त्यांच्याशी बोलताना माझंही असं होतं.)

“मी वेगळं विचारलं. ताब्यात मिळाला का?”

मला खोटं बोलता येईना. सांगितलं, की हा माल तसा आपला नसतो, वापरायची परवानगी मिळते. कॅलिफोर्नियात त्याबद्दल कायदा झाला, आणि २०२४ च्या ऑक्टोबरपासून स्टीमवर पैसे भरतानाच तशी ओळ दिसते. काकांनी चष्मा काढून पुसला.

“म्हणजे पगडीची जागा.”

“तसंच म्हणा.”

“तसं कसं? पगडीवाल्याला मालकाच्या बापालाही काढता येत नाही. मी वरती पंचेचाळीस रुपये भाडं देतो. तुला काढता येतं का?”

“...येतं.”

“मग तू पगडीवाला नाहीस. तू धर्मशाळेत उतरलायस.”

जीओजीची गोष्ट वेगळी आहे, हे मी घाईघाईने सांगितलं. तिथे खेळाची फाइल उतरवून आपल्या पेटीत ठेवता येते, उद्या दुकान बुडालं तरी चालते. काकांचा चेहरा उजळला. “व्यापारी कुठला?”

“पोलंडचा.”

“वाटलंच. लढाईच्या वेळी कोल्हापूरजवळ वळिवड्याला पोलंडची माणसं होती, हजारोंनी. आमची आत्या कोल्हापूरला दिलेली. ती सांगायची, उधारी ठेवत नसत.” मग काका आत्याकडे गेले, आत्याच्या दिरांकडे गेले, तिथून पन्हाळ्याला जाऊन आले, आणि परत आल्यावर म्हणाले, “फुकटचे किती घेतलेस?”

“दोनशे बारा.”

“खेळलास किती?”

“चार.”

“दोनशे आठ नग पडून,” काका हळूच म्हणाले. मयताच्या घरी बोलतात तेवढ्याच आवाजात. पडद्यावर हिरोइकची सेटिंग उघडी होती, तिथे ‘वाइन’ असं लिहिलेलं त्यांनी वाचलं. ते लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवणाऱ्या यंत्रणेचं नाव आहे. पण मी तोंड उघडायच्या आत “हे आबकारीकडे जातं, आमचं खातं नव्हे,” असं सांगून त्यांनी तो विषय मिटवला.

आणि मग मी तो १,१९९ चा खेळ सुरू केला.

खेळ सुरू झाला नाही. खेळ ज्या कंपनीने बनवला, तिची स्वतःची एक खिडकी उघडली. दुकानात पैसे मोजून पिशवी घेऊन आपण बाहेर पडावं आणि पायरीवर दुसराच माणूस वही घेऊन उभा असावा, “माझ्याकडेही नाव लिहा” म्हणत, तसं. नाव लिहिलं. तर या ईमेलने २०११ सालीच खातं उघडलेलं आहे, म्हणे. पासवर्ड आठवेना. मग आपण माणूस आहोत हे सिद्ध करायचं होतं: नऊ चौकोनी चित्रं, ज्यात आगीचा नळ आहे ती निवडा. अमेरिकेत फुटपाथवर तो लाल, बुटका नळ असतो ना, तो. काका पुढे झुकले.

“हा कुठल्या वॉर्डातला?”

“इथला नाही काका.”

“इथे नर्मदेचं पाणी एक दिवसाआड. आणि यांचे नळ रस्त्यात उभे. वर आम्हालाच विचारतात, की तुम्ही माणूस का.”

तीनदा नळ ओळखले. दोनदा चुकले. तिसऱ्यांदा काकांनी बोट लावलं आणि बरोबर आले, याचा मला अजून राग आहे. मग खिडकी म्हणाली, तुमच्या मोबाइलवर नंबर पाठवला आहे, शेवटचे दोन आकडे ४७. सत्तेचाळीसवर संपणारा नंबर माझा पुण्यातल्या नोकरीतला. तो मी २०१४ साली सोडला. म्हणजे आता तो दुसऱ्या कुणाचा, आणि माझ्या खेळाची किल्ली त्या माणसाच्या खिशात वाजत होती.

मी हात टेकले. काकांनी टेकले नाहीत. “नंबर सांग,” म्हणाले, आणि स्वतःच्या फोनवरून, स्पीकर लावून, त्या माणसाला फोन केला.

“नमस्कार! मी इंदूरहून बोलून राहिलोय.”

पलीकडे शांतता. मग एक थंड पुणेरी आवाज. “काय काम आहे?”

“तुमच्या फोनवर आत्ता सहा आकडे आले असतील. तेवढे वाचून दाखवा, म्हणजे आमचा मुलगा खेळायला मोकळा.”

आमचा मुलगा, वय ४४, कपाळाला हात लावून बसला होता.

“ओटीपी मागताय तुम्ही?”

“ते काय म्हणतात मला माहीत नाही. सहा आकडे.”

“आधी तुमचं मराठी नीट करा, मग फसवायला या.”

“म्हणजे?”

“‘बोलून राहिलोय’ हे मराठी आहे? हल्ली दोन वाक्यं शिकून फोन करता तुम्ही लोक. मराठी माणूस असा बोलत नाही. चोर कुठले!”

फोन बंद. काकांनी तो टेबलावर उपडा ठेवला, मग सुलटा केला, मग परत उपडा.

छत्तीस वर्षं त्या माणसाने लोकांचे दोन नंबरचे गल्ले पकडले, आणि सत्तरी उलटून नऊ वर्षं झाल्यावर माझ्यापायी कुणीतरी त्याला चोर म्हणालं. चोर म्हटल्याचं त्यांना एवढं लागलं नसावं. मराठी नाही म्हणाला, ते लागलं. मलाही लागलं, खेळासाठी मी चिडलोय असं तुम्हाला वाटत असेल, पण अर्धा राग तिकडचा आहे. होळकरांच्या वेळेपासून आम्ही इथे आहोत. काकांचे पणजोबा होळकरांच्या दप्तरात मोडी लिहीत. आमच्याकडे गणपती बसतो, मंगळागौर जागते, संक्रांतीला गुळपोळ्या होतात, आणि चांगली मराठी पुस्तकं आम्ही पोस्टाने मागवून वाचतो. लग्नाला पुण्याला गेलं, की आमच्या ‘जाऊन राहिले’वर तिथली मावशी तोंडाला पदर लावते. बरं, हिंदी बोलावं तर इथले म्हणतात, तुम्ही मराठे. ज्या भाषेसाठी दोन्हीकडून ऐकून घेतलं, तिच्यातच फ्रॉड ठरायचं.

जिलबी गार झाली होती. काकांनी ती खाल्ली नाही.

ती खिडकी या सगळ्या वेळात उघडीच होती. नळ ओळखताना, वळिवड्याला जाऊन येताना, पुण्याला फोन लावताना. दुकानाच्या हिशेबी ती खिडकी म्हणजेच खेळ. ठराविक वेळेपेक्षा जास्त खेळलात तर परतावा नाही, असा नियम. मी अर्ज केला, दुसऱ्या मिनिटाला उत्तर आलं: २ तास १४ मिनिटं. दोन मिनिटांत माझं म्हणणं कुणी वाचलं असेल यावर माझा विश्वास नाही. अशा ठिकाणी वाद घालायला समोर माणूसच नसतो. शेवटी आपण यंत्राच्या अंगावर ओरडतो आणि बायको स्वयंपाकघरातून विचारते, ऑफिसचं काम झालं का.

संध्याकाळी काका परत आले. हातात फुलस्केप कागद. स्वतः मसुदा करून आणला होता, सरकारी हिंदीत, ‘सेवा में, श्रीमान’पासून. चार परिच्छेद. पहिल्यात खेळाचा उल्लेख होता. पुढच्या तिन्हींत पुण्याच्या माणसाबद्दल तक्रार होती, होळकरांच्या दप्तराच्या दाखल्यासह. मी चौकोनात जेवढं मावेल तेवढं टाइप केलं आणि पाठवलं. उत्तर पुन्हा तेच.

काकांनी ते दोनदा वाचलं. “वेळेची नोंद आहे त्यांच्याकडे?”

“आहे, पण काका, तुम्ही समोर होतात. मी खेळलो का?”

“मी काय पाहिलं ते सोड. रजिस्टरला नोंद आहे ना?”

“आहे.”

“मग खेळला असशील.” आणि जिन्याच्या दुसऱ्या पायरीवरून वळून म्हणाले, “अर्जाला तिकीट लावलं होतंस का?”