न बोलणारे पंतप्रधान आणि इस्रायल

परराष्ट्र धोरण राष्ट्रहितावर ठरते, नेता कोण आहे याने फारसा फरक पडत नाही, असे अभ्यासू मंडळी सांगतात. उलट समाजमाध्यमांवर प्रत्येक गळाभेटीलाच धोरण समजणाऱ्यांचीही कमतरता नाही. मला दोन्ही मते अपुरी वाटतात. परिस्थिती दार उघडते हे खरे, पण त्या दारातून केव्हा आणि कसे आत शिरायचे, हे बहुधा नेत्याच्या स्वभावावर ठरते. पंतप्रधान पी. व्ही. नरसिंह राव यांनी इस्रायलचा प्रश्न ज्या रीतीने हाताळला, त्यात हे मला सर्वांत स्पष्ट दिसते.

भारताने इस्रायलला १९५० मध्ये मान्यता दिली आणि १९५३ पासून मुंबईत त्यांची वाणिज्य वकिलातही होती. कोकणातून तिकडे गेलेले बेने इस्रायली, म्हणजे इथले ज्यू, तिथेही मराठी बोलत होते. तरीही अरबांचे तेल, आखातातले आपले कामगार, काश्मीरवर इस्लामी देशांची भूमिका आणि देशातले मतांचे राजकारण यांमुळे पूर्ण राजनैतिक संबंध चार दशके अडून राहिले. १९७७ मध्ये इस्रायलचे परराष्ट्रमंत्री मोशे दायान गुपचूप दिल्लीत येऊन मोरारजी देसाईंना भेटले, पण रिकाम्या हातांनी परतले.

१९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळला, माद्रिदमध्ये अरब आणि इस्रायली एका टेबलावर आले आणि आपली तिजोरी रिकामी होती. अशा वेळी कोणीही पंतप्रधान आज ना उद्या तेल अवीवकडे वळलाच असता. रावांचे वेगळेपण त्यांच्या क्रमात आहे. डिसेंबर १९९१ मध्ये झायोनिझमला, म्हणजे ज्यूंच्या स्वतंत्र राष्ट्राच्या चळवळीला, वंशवाद ठरवणारा जुना ठराव संयुक्त राष्ट्रांत रद्द झाला, तेव्हा भारताने रद्द करण्याच्या बाजूने मत दिले आणि त्याचा गाजावाजा केला नाही. जानेवारीत पॅलेस्टिनी नेते यासर अराफात दिल्लीत आले, त्यांचा यथोचित मान राखला गेला. ते परतल्यानंतर, २९ जानेवारी १९९२ रोजी, संबंध जोडल्याची घोषणा झाली. पाहुणाच नुकता मानाने जेवून गेलेला असताना विश्वासघाताची ओरड करणार कोण? चीननेही पाचच दिवस आधी हेच पाऊल उचलले होते, त्यामुळे टीकेची धार आणखी बोथट झाली.

रामटेकचे खासदार राहिलेले आणि सफाईने मराठी बोलणारे हे गृहस्थ अनेक भाषांत बोलू शकत, पण गप्प राहण्यातच त्यांची खरी हुकमत होती. (ओठ पुढे काढून बसलेला तो चेहरा व्यंगचित्रकारांना फारच सोयीचा पडला.) १९९४ मध्ये जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगात काश्मीरवर पाकिस्तानचा ठराव येऊ घातला, तेव्हा त्यांनी भारताच्या शिष्टमंडळाचे नेतृत्व थेट विरोधी पक्षनेते अटलबिहारी वाजपेयींकडे दिले. श्रेय वाटून जाईल याची धास्ती असणाऱ्या नेत्याला हे सुचले नसते, आणि सुचले तरी जमले नसते. तो ठराव पाकिस्तानला मागे घ्यावा लागला.

याउलट जुलै २०१७ मध्ये इस्रायलला भेट देणारे पहिले भारतीय पंतप्रधान म्हणून नरेंद्र मोदी गेले आणि तिथले पंतप्रधान नेतान्याहू यांच्यासोबत समुद्राच्या पाण्यात अनवाणी उभे राहिलेले त्यांचे छायाचित्र जगभर गेले. संबंध तेच, पण एकाला ते झाकून वाढवावेसे वाटले आणि दुसऱ्याला उघड मिरवावेसे. पॅलेस्टाईनबाबत आपला आवाज क्षीण झाला, असे जे आज बोलले जाते, त्याचे एक कारण मला या स्वभावभेदात दिसते. रावांनी जपलेली संदिग्धता छायाचित्रात मावत नाही.

मात्र त्या संदिग्धतेचे कौतुक सरसकट करता येत नाही. ऑगस्ट १९९१ मध्ये मॉस्कोत सुधारणावादी सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह यांच्याविरुद्ध बंड झाले, तेव्हा सावध रावांनी घाईने सुधारणा करणाऱ्यांना हा इशाराच असल्याच्या अर्थाचे वक्तव्य केले. तीन दिवसांत बंड फसले आणि मान खाली घालण्याची वेळ आपल्यावर आली. डिसेंबर १९९५ मध्ये पोखरणच्या अणुचाचणीची तयारी अमेरिकी उपग्रहांच्या नजरेत आली, दबाव वाढला आणि चाचणी झाली नाही. ते कचरले, की त्यांनी मुद्दाम थांबून पुढच्यासाठी वाट राखली, यावर जाणकारांत अजूनही एकमत नाही, आणि स्वतः राव त्याबद्दल शेवटपर्यंत मोकळेपणाने बोलले नाहीत.