पोर्ट उघडं टाकणारे म्हणतात, प्रॉक्सी धोक्याची!

‘मामा, तुझी ती प्रॉक्सी काढून टाकली. हे वाच.’ भाच्याचा मेसेज, आणि खाली तोच फॉरवर्ड जो गेले काही दिवस डेव्हलपरांच्या ग्रुपवर फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: ब्लॉकचेन नोडपुढे (नेटवर्कशी जोडलेल्या आपल्या मशीनपुढे) रिव्हर्स प्रॉक्सी, म्हणजे रिक्वेस्ट आधी स्वतःकडे घेऊन मग पुढे पाठवणारा मधला प्रोग्रॅम, बसवून रिक्वेस्ट तपासू नका, ती प्रायव्हेट की (व्यवहारावर सही करायची गुप्त किल्ली) वाचते आणि वर एररही बदलते. त्यापेक्षा टेस्टिंगसाठी नोड सरळ ०.०.०.० वर, म्हणजे बाहेरूनही पोचता येईल असा, उघडा, कॉर्समध्ये (कुठल्या साइटला बोलू द्यायचं त्या सेटिंगमध्ये) स्टार, म्हणजे सगळ्यांना मुभा, टाका. २०० हा ‘ठीक’चा कोड आला की रिक्वेस्ट पास. भाच्याने हे सगळं पाळलंही होतं.

आधी प्रायव्हेट की. वॉलेट व्यवहारावर सही आपल्याकडेच करतं. इथेरियम नोडला व्यवहार पाठवायच्या ईथ_सेंडरॉट्रान्झॅक्शन या मेथडमधून जातो तो सही झालेला व्यवहार. त्यातून की निघत असती तर तो व्यवहार पुढे नेणाऱ्या प्रत्येक नोडला ती मिळाली असती! हां, जुन्या गेथच्या (गेथ म्हणजे इथेरियम नोड चालवणारं सॉफ्टवेअर) पर्सनल_अनलॉकअकाउंटमध्ये पासवर्ड उघडाच जायचा, आणि भाड्याच्या नोडची एपीआय की बऱ्याचदा यूआरएलमध्येच असते, ती लॉगमध्ये उतरते. एवढं मान्य. मग लॉग जपा ना.

आता ते ०.०.०.०. इथे माझं डोकं फिरलं. गेथचं ८५४५ पोर्ट मुळात फक्त लोकलहोस्टवर, म्हणजे त्याच मशीनवरून आलेलं, ऐकतं, ते उगाच नाही. इथेरियमचं मेननेट, म्हणजे खऱ्या पैशांचं नेटवर्क, सुरू होऊन जेमतेम महिना झाला होता तेव्हा, ऑगस्ट २०१५ मध्ये, इथेरियम फाउंडेशनने याच उघड्या आरपीसीबद्दल (नोडला हुकूम द्यायच्या दाराबद्दल) इशारा दिला होता. तरी लोक उघडत राहिले. जून २०१८ मध्ये ३६० नेटलॅब या सुरक्षा संशोधकांच्या गटाने दाखवलं की असली पोर्टं शोधत फिरणाऱ्या एका टोळीने ३८ हजारांहून जास्त ईथर (इथेरियमचं चलन) उचलले, तेव्हाच्या भावाने दोन कोटी डॉलरच्या वर. यात कुठलं कुलूप फोडायचं नव्हतं. बॉट ईथ_अकाउंट्सने खाती विचारायचा, मग पैसे पाठवायचं ईथ_सेंडट्रान्झॅक्शन पुन्हापुन्हा मारत बसायचा. मालकाने स्वतःच्या कामासाठी अकाउंट अनलॉक केलं की पुढची रिक्वेस्ट लागू पडायची. ‘टेस्टनेटच (चाचणीचं नेटवर्क) तर आहे’ म्हणणाऱ्यांनी आठवावं, एकाच कीतून टेस्टनेटचा आणि मेननेटचा पत्ता तोच निघतो. कॉर्समधल्या स्टारमुळे तर ब्राउझरमध्ये उघडलेली कुठलीही साइट तुमच्या नोडशी बोलू शकते.

एरर बदलते, हे अर्धं खरं. प्रॉक्सी म्हणून लावला जाणारा एनजिनएक्स एक एमबीपेक्षा मोठी बॉडी (रिक्वेस्टमधला मजकूर) ४१३, म्हणजे ‘फार मोठी’, देऊन परत पाठवतो, नोड साठ सेकंद गप्प राहिला तर ५०४, म्हणजे ‘वेळ संपली’, देतो. दोन्ही सेटिंगने बदलतं. वेबसॉकेटसाठी (सतत उघडं राहणाऱ्या कनेक्शनसाठी) अपग्रेडचे हेडर द्यावे लागतात. गेथने ४०३, म्हणजे नकार, दिला तर होस्ट हेडर (रिक्वेस्टवरचं सर्व्हरचं नाव) बघा. झालं.

२०० चा मुद्दा मात्र भाच्याच्या मुळावर आला. त्याच्या स्क्रीनवर दोन दिवस ब्लॉक रिकामा दिसत होता आणि लॉगमध्ये ओळीने २००. जेसन-आरपीसीत, म्हणजे नोडशी बोलायच्या पद्धतीत, सगळ्या रिक्वेस्ट एकाच पत्त्यावर पोस्ट होतात, मेथड (काय हवंय ते) बॉडीत असते आणि एररही बहुधा २०० च्या पोटातच येते. साधा ॲक्सेस लॉग तिथे आंधळा. मी रिक्वेस्ट आतून उघडून दाखवणारी मिटमप्रॉक्सी रिव्हर्स मोडमध्ये ८०८० वर लावायला सांगितली, मागे ८५४५, आणि ॲपला ८०८० चा पत्ता. पहिल्याच रिक्वेस्टमध्ये दिसलं: ईथ_गेटब्लॉकबायनंबरला ब्लॉक नंबर ‘१८’ असा दशमान जात होता, हवा होता शून्य-एक्स लावलेला हेक्स (सोळाच्या पायाचा आकडा), म्हणजे ‘०एक्स१२’. उत्तरात उणे ३२६०२, चुकीचा पॅरामीटर. त्याचा कोड फक्त स्टेटस तपासत होता.

तीच रिक्वेस्ट त्याने तिथेच दुरुस्त करून पुन्हा पाठवली, ब्लॉक आला. पोर्ट मात्र मी त्याआधीच बंद करून घेतलं होतं.