संदर्भ : गूगल

बारावीच्या प्रकल्पांचा गठ्ठा घेऊन बसलोय. शेवटचं पान उलटावं तर तीच ओळ: ‘संदर्भ – गूगल.’ अरे बाबांनो, गूगल काय लेख लिहितं का? मोंढ्यात ज्वारी घेतली तरी पावतीवर आडत्याचं नाव असतं. तेवढीच पावती मागतोय मी! कोणी लिहिलं, काय नावानं, कोणत्या साली, कुठं छापलं. वेबसाइट असेल तर तिचा पत्ता आणि पाहिल्याची तारीख. एवढं सांगून घशाला कोरड पडली.

आमच्या लातूरकडं किल्लारीचा भूकंप हा ठरलेला विषय. परवा एका पोरीनं तारीख लिहिली, २९ सप्टेंबर १९९३. लातूरची पोरगी आणि ३० तारीख ठाऊक नाही? मी तर लाल पेन उचललाच होता. मग शंका आली. बाहेरच्या नोंदींत जागतिक वेळ असते. तिथं २९ च्या रात्रीचे १०:२६ झाले होते, तेव्हा आपल्याकडं ३० च्या पहाटेचे ३:५६. म्हणजे पोरीनं बरोबर ठिकाणाहून उचललं होतं, फक्त ते ठिकाण लिहिलं नव्हतं. माझा अर्धा तास गेला, चहा गार झाला तो वेगळाच.

आणखी एकाला वही परत दिली, ‘संदर्भ नीट लिहून आण.’ दुसऱ्या दिवशी ऐटीत आला, “सर, केलं की दुरुस्त!”

‘संदर्भ – क्रोम.’